कॅज्युअल्टीत ट्रायाज बसवताना : नव्याने जबाबदारी आलेल्या सिस्टर आणि डॉक्टरांसाठी

जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात एके दिवशी कार्यालयीन आदेश निघतो, 'कॅज्युअल्टीत ट्रायाज पद्धत तातडीने सुरू करावी'. सही अधीक्षकांची असते आणि काम येते इन्चार्ज सिस्टर किंवा एखाद्या तरुण सीएमओच्या (कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसरच्या) गळ्यात. रुग्ण कसा तपासायचा हे नर्सिंगला आणि एमबीबीएसला शिकवतात. पण तीन पाळ्यांत विभागलेल्या, सतत बदलणाऱ्या माणसांच्या कामाची घडी कशी बदलायची, हे कुठल्याच वर्षाच्या अभ्यासक्रमात नसते. हा लेख त्यासाठी आहे.

ट्रायाज म्हणजे आलेल्या रुग्णांमधून सर्वात धोक्यात कोण आहे ते काही मिनिटांत ओळखणे आणि त्याला आधी घेणे. आधी कोण आले, कोणाची चिठ्ठी आली, कोण जास्त ओरडतो, यावर काहीही ठरत नाही. पद्धत कागदावर अर्ध्या तासात समजते. ती रात्री अडीच वाजता, एक सिस्टर आणि एक इंटर्न असताना चालली, तरच बसली असे समजायचे. पुढची प्रत्येक पायरी त्या रात्रपाळीकडे बघून आखली आहे.

आधी हे जमवा

कागदपत्रे :
- अधीक्षकांच्या सहीचा आदेश. त्यात ट्रायाज सिस्टरला त्या पाळीत दुसरे काम देऊ नये, हे वाक्य हवेच.
- एक पानी कार्यपद्धती, मराठीत.
- प्रौढांसाठी आणि मुलांसाठी वेगवेगळे ट्रायाज तक्ते, लॅमिनेट करून.
- मागच्या तीन महिन्यांच्या ड्युटी लिस्ट.

साहित्य :
- सेकंद काटा असलेले भिंतीवरचे घड्याळ.
- बीपीचे यंत्र आणि तीन मापांचे कफ : मुलांचा, नेहमीचा आणि जाड दंडाचा. लहान कफ जाड दंडावर बांधला तर बीपी खोटे जास्त दिसते आणि शॉकमधला, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडत चाललेला, रुग्ण नॉर्मल ठरतो.
- पल्स ऑक्सिमीटर, थर्मामीटर, ग्लुकोमीटर. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या त्याच कंपनीच्या आणि मुदतीतल्या आहेत का, ते स्वतः पाहा. यंत्र आहे पण पट्ट्या नाहीत, ही सर्वात नेहमीची अडचण. रोगी कल्याण समितीकडे मागणी करताना यंत्राबरोबर सहा महिन्यांच्या पट्ट्याही लिहा.
- रंगीत स्टिकर किंवा मनगटी पट्ट्या, आणि दारापाशी एक टेबल. वेगळी खोली नसली तरी चालते. टेबलावरून दार आणि बाकावर बसलेले रुग्ण दोन्ही दिसायला हवेत.

१. काही बदलण्याआधी आठवडाभर मोजा

हा आठवडा वगळण्याचा मोह प्रत्येकाला होतो. वगळू नका. तीन महिन्यांनी 'काय फरक पडला?' असे विचारले जाईल तेव्हा उत्तर देण्यासाठी तुमच्याकडे दुसरे काहीच नसेल.

एकच गोष्ट मोजा : रुग्ण दारात आल्यापासून त्याला पहिल्यांदा कोणी तपासले तोपर्यंतचा वेळ. प्रत्येक पाळीत दहा असे आठवडाभरात निदान तीस रुग्ण घ्या, आणि त्यात शनिवारची रात्र असू द्या. नावे लिहू नका, केसपेपर नंबर पुरतो.

इथे एक मोठा सापळा आहे. केसपेपरवर छापलेली वेळ ही रुग्ण आल्याची वेळ नसते. ती खिडकीपाशी त्याचा नंबर लागल्याची वेळ असते. रुग्ण स्ट्रेचरवर आणि नातेवाईक रांगेत, असे असेल तर तुमच्या मोजणीतली पहिली पंधरा-वीस मिनिटे गायबच होतात. म्हणून आल्याची वेळ दाराशी लिहायची. सुरक्षारक्षक किंवा स्ट्रेचर आणणारे मामा हे काम उत्तम करतात, फक्त त्यांना एक वही आणि पेन द्या आणि ही वेळ कशासाठी हवी आहे ते नीट सांगा.

दुसरा सापळा घड्याळांचा. भिंतीवरचे घड्याळ, ईसीजी यंत्रातले घड्याळ आणि केसपेपरच्या संगणकातले घड्याळ यांत सात-आठ मिनिटांचा फरक सहज असतो. मोजणीच्या पहिल्या दिवशी तिन्ही एका वेळेवर लावा, नाहीतर रुग्ण येण्याआधीच ईसीजी झाल्याचे आकडे हाती येतील.

आकडे आले की सरासरी काढू नका, मध्यक काढा. तीसही वेळा लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लिहून मधल्या दोन वेळांची सरासरी घ्या. एखादा रुग्ण चार तास बाकावर राहिला तर सरासरी त्याच्या एकट्यामुळे फुगते, मध्यक हलत नाही. त्या चार तासांच्या रुग्णाचा केसपेपर मात्र बाजूला काढून ठेवा. तो का राहिला हे शोधताना तुमच्या कॅज्युअल्टीबद्दल बरेच कळेल.

२. गट लहान ठेवा, पण त्यात रात्रपाळीचे माणूस हवेच

पाच ते सात जण पुरेत : एक सीएमओ, इन्चार्ज सिस्टर, कायम रात्रपाळ्या करणारी एक स्टाफ नर्स, एक वॉर्डबॉय किंवा मावशी, केसपेपर खिडकीवरचा कारकून आणि ईसीजी तंत्रज्ञ. १०८ रुग्णवाहिकेचे डॉक्टर महिन्यातून एकदा आले तरी खूप झाले. रुग्ण दारात येण्याआधी फोन यावा, ही व्यवस्था त्यांच्याशीच बोलून ठरते.

गटात नुसते डॉक्टर असतील तर योजना फार सुंदर होते आणि अमलात येत नाही. स्ट्रेचर कुठे अडकतो, ऑक्सिजनचा सिलिंडर बदलायला रात्री किल्ली कोणाकडे असते, हे मामांना माहीत असते. त्यांना बैठकीत बसायला खुर्ची द्या आणि बोलायला पहिली संधी द्या. साहेबांनी आधी मत मांडले की पुढे कोणी बोलत नाही. बैठक पाळी बदलायच्या वेळी वीस मिनिटांची ठेवा. कोणाला सुट्टीच्या दिवशी बोलावले तर दुसऱ्या बैठकीला तो येणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

३. पद्धत एकच निवडा आणि ती पूर्ण वापरा

आपल्याकडच्या रुग्णालयांना परवडतील अशा तीन पद्धती आहेत. दक्षिण आफ्रिकेची चार रंगांची पद्धत. जागतिक आरोग्य संघटना, रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती आणि 'मेदसाँ साँ फ्राँतिए' ही डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संस्था यांची मिळून तयार झालेली तीन रंगांची. आणि दिल्लीच्या एम्सची, तीही तीन रंगांची. दोन पद्धतींतले आवडलेले भाग जोडून स्वतःची तिसरी बनवू नका. तपासून घेतलेल्या पद्धतीची विश्वासार्हता त्यात जाते आणि नवीन माणसाला शिकवायला हाताशी काही राहत नाही.

ट्रायाजसाठी एक प्रशिक्षित सिस्टर सलग देता येत असेल तर दक्षिण आफ्रिकेची पद्धत चांगली, कारण ती अंदाजावर कमी आणि मोजमापावर जास्त चालते. तिच्यात लाल म्हणजे लगेच, नारिंगी म्हणजे १० मिनिटांत, पिवळा म्हणजे तासाभरात आणि हिरवा म्हणजे चार तासांत. चालणे, श्वसन, नाडी, वरचे बीपी, तापमान, शुद्ध आणि इजा अशा सात गोष्टींना गुण द्यायचे. बेरीज ० ते २ आली तर हिरवा, ३-४ पिवळा, ५-६ नारिंगी, ७ किंवा जास्त आली तर लाल. रुग्णाला झटके येत असतील किंवा श्वासमार्ग अडला असेल तर गुण मोजत बसायचे नाही, तो थेट लाल.

एक उदाहरण करून पाहा. चाळिशीचा माणूस, दोन दिवस ताप होता म्हणतो, बायकोच्या आधाराने चालत आला आहे. आधाराने चालतो, १ गुण. श्वसन मिनिटाला २४, २ गुण. नाडी ११८, २ गुण. वरचे बीपी १०४, तापमान ३७.२, पूर्ण शुद्धीत, इजा नाही, या सगळ्यांना ०. बेरीज ५, म्हणजे नारिंगी, दहा मिनिटांत डॉक्टर. आता सिस्टरने श्वसन मोजलेच नाही आणि सवयीने १८ लिहिले, तर त्याला १ गुण मिळतो, बेरीज ४ होते आणि तोच माणूस पिवळा होऊन तासभर बाकावर बसतो. तो नीट बोलतो, ताप उतरला आहे, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा किंवा सेप्सिसचा (संसर्ग शरीरभर भिनलेला) रुग्ण असाच हातचा जातो.

मुलांना हा तक्ता लावू नका. या पद्धतीत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी एक आणि तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दुसरा, असे वेगळे तक्ते आहेत. बाळाचे १३० ठोके प्रौढांच्या तक्त्यात तीन गुण मिळवतील, प्रत्यक्षात ते बाळ मजेत असेल.

४. आपल्या भागातल्या धोक्यांची यादी तक्त्याच्या शेजारी लावा

सगळे आकडे ठीक असूनही रुग्ण धोक्यात असतो, अशी काही दुखणी आहेत. अशा रुग्णांना रंग चढवून द्यायचा हे आधीच ठरवून भिंतीवर लिहा, म्हणजे रात्री वाद होत नाही. यादी तुमच्या तालुक्याची हवी.

मण्यारचा दंश. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखते म्हणून येतो. दंशाची खूण दिसत नाही, सूज नसते. पापण्या जड झाल्या आहेत का, थुंकी गिळता येते का, हे विचारल्याशिवाय त्याला हिरवा रंग देऊ नका. इथे वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी नॉर्मल येते, कारण मण्यारचे विष नसांवर काम करते. घोणसाच्या दंशात ती चाचणी मोलाची आहे, पण काचेची, कोरडी, स्वच्छ नळी आणि २ मिली ताजे रक्त हवे. साबणाने धुतलेली किंवा प्लास्टिकची नळी वापरली तर चुकीचा निकाल मिळतो. नळी वीस मिनिटे हलवायची नाही.

फवारणीची विषबाधा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेतकरी-शेतमजुरांना मोठ्या संख्येने विषबाधा झाली आणि त्यात मृत्यूही झाले. माणूस 'औषध प्यायलो नाही' असे खरेच सांगत असतो, विष कातडीतून आणि श्वासातून गेलेले असते. घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या की थेट लाल. कपडे काढून अंग धुण्याची जागा आधीच ठरवा आणि धुणाऱ्यांना हातमोजे द्या.

कोकणात विंचूदंश. हातपाय गार, घाम, उलटी असेल तर वेदना कमी आहेत म्हणून मागे ठेवू नका. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून हे मृत्यू टाळता येतात, पण रुग्ण वेळेत ओळखला तरच.

छातीचे दुखणे. आपल्याकडे हार्ट ॲटॅकचा रुग्ण 'पित्त झालंय', 'गॅस वर चढलाय', 'जीव घाबरा होतोय', 'छातीत भरून आल्यासारखं वाटतंय' असे सांगतो. मधुमेही रुग्णाला आणि बायकांना कधी कधी दुखतच नाही, नुसता दम लागतो आणि घाम सुटतो. हे शब्द जसेच्या तसे तक्त्यावर लिहा. असा रुग्ण आला की १० मिनिटांत ईसीजी, केसपेपर नंतर.

आणि शुद्ध हरपलेल्या किंवा बडबडणाऱ्या प्रत्येकाची साखर टेबलावरच तपासा. 'दारू प्यायलाय' हा शेरा साखर पाहिल्यानंतरच लिहायचा.

५. एक पाळी, एक सिस्टर, पाच रुग्ण

उद्घाटन, फीत, फलक आणि सोमवारपासून तिन्ही पाळ्यांत ट्रायाज, हा बदल बुडवण्याचा हमखास मार्ग आहे. पहिल्या दिवशी तयार असलेल्या एकाच सिस्टरबरोबर, एकाच पाळीत, फक्त पाच रुग्णांवर करून पाहा. पाळी संपल्यावर चार ओळी लिहा : काय ठरवले होते, काय झाले, कुठे अडले, उद्या काय बदलणार. दुसऱ्या दिवशी बदललेल्या पद्धतीने पुन्हा पाच रुग्ण.

अशा चार-पाच फेऱ्यांत बऱ्याच अडचणी वर येतात. स्टिकर ओल्या शर्टावर टिकत नाही. बीपीचे यंत्र वॉर्डात कोणीतरी नेते. नारिंगी रुग्ण सांगूनही डॉक्टर टाके घालण्यात अडकलेले असतात, मग दुसरा फोन कोणाला करायचा हे ठरलेले नसते. या गोष्टी पाच रुग्णांवर कळल्या तर दुरुस्त होतात. पन्नास रुग्णांवर कळल्या तर 'इथे हे चालणार नाही' असा शिक्का बसतो आणि तो पुसायला वर्ष जाते.

पाचवी-सहावी फेरी मुद्दाम रात्रपाळीत करा, आणि त्या रात्री तुम्ही स्वतः तिथे थांबा. सूचना देण्यासाठी थांबायचे नाही. स्ट्रेचर ओढायला, पट्टी बांधायला हात लावा. बदल मागणारा माणूस अवघड वेळी बरोबर असतो, हे लोक बघतात.

एका वेळी एकच बदल करायचा हेही पाळा. ट्रायाज, नवी ओव्हर देण्याची (पुढच्या पाळीला रुग्ण सोपवण्याची) पद्धत आणि औषधांची ट्रॉली हे तिन्ही एकत्र सुरू केले तर कशामुळे काय सुधारले ते सांगता येत नाही.

६. शिकवायचे ते हाताने करून

दोन तासांच्या स्लाइड्सपेक्षा पाळी बदलताना रोज पंधरा मिनिटे, दहा दिवस, याचा उपयोग जास्त होतो. पहिला धडा श्वसन मोजण्याचा. पूर्ण ६० सेकंद, हात रुग्णाच्या मनगटावर, म्हणजे त्याला आपण नाडी मोजतोय असे वाटते आणि तो श्वास मुद्दाम बदलत नाही. तुमच्या रजिस्टरात सगळ्यांचे श्वसन १८ किंवा २० दिसत असेल तर ते कोणी मोजत नाही हे नक्की समजा.

दुसरा धडा कागदी रुग्णांचा. खरे केसपेपर घेऊन, नावे काढून, दहा प्रसंग तयार करा. प्रत्येकाने एकट्याने रंग द्यायचा, मग तुलना. चुका दोन प्रकारच्या होतात आणि त्या सारख्या नसतात. पिवळ्याला नारिंगी दिला तर डॉक्टरांची धावपळ वाढते. नारिंगीला पिवळा दिला तर माणूस जातो. अमेरिकेत ट्रॉमाच्या (अपघात-इजेच्या) रुग्णांसाठी कमी लेखण्याची चूक ५ टक्क्यांच्या खाली हवी आणि जास्त लेखण्याची २५ ते ३५ टक्क्यांपर्यंत मान्य, असा निकष आहे. म्हणून शंका आली की वरचा रंग द्या, आणि वरचा रंग दिल्याबद्दल कोणत्याही सिस्टरला डॉक्टरांनी सुनवायचे नाही हे सीएमओकडून सर्वांसमोर वदवून घ्या. एकदा सुनावले गेले की ती सिस्टर पुढच्या वेळी खालचा रंग देते.

७. नवे रजिस्टर आणाल तर एक जुने बंद करा

कॅज्युअल्टीत आधीच एमएलसी (पोलिसांना कळवायच्या मेडिको-लीगल केसेस), रेफर, कुत्रा चावल्याचे, ओव्हरचे अशी रजिस्टरे असतात. त्यात आणखी एक आले की ते पाळी संपताना आठवून भरले जाते. हे ओळखायला सोपे आहे. सगळ्या वेळा ० किंवा ५ वर संपतात, अक्षर आणि शाई एकसारखी असते, मधे एकही खाडाखोड नसते. असे रजिस्टर दिसले तर ओरडू नका. लिहायला वेळ नाही, एवढाच त्याचा अर्थ. ट्रायाजचे रकाने केसपेपरवरच शिक्क्याने उमटवता येतात. आल्याची वेळ, रंग, रंग दिल्याची वेळ, डॉक्टरांनी पाहिल्याची वेळ, पुन्हा तपासल्याची वेळ, एवढे पाच पुरेत. शेवटचा रकाना विसरू नका. बाकावरच्या पिवळ्या आणि हिरव्या रुग्णांना तासाभराने पुन्हा पाहायचेच, कारण रंग त्या क्षणापुरता असतो.

८. नातेवाईक, पोलिस आणि केसपेपर

'आम्ही आधी आलो' हा वाद होणारच. दारावर मोठ्या अक्षरांत लिहा : 'इथे जीवाला जास्त धोका असलेल्या रुग्णाला आधी तपासले जाते. त्रास वाढला तर लगेच या टेबलावर सांगा.' दुसरे वाक्य पहिल्याइतकेच गरजेचे आहे. ज्याला थांबायला सांगितले त्याला किती वेळ लागेल ते आकड्यात सांगा. 'थांबा जरा' ऐकून माणूस भडकतो, 'साधारण पाऊण तास लागेल, मी मधे येऊन बघते' ऐकून सहसा बसतो. डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांना हिंसेपासून संरक्षण देणारा २०१० चा महाराष्ट्राचा कायदा आहे, त्याचा फलकही लावा. पण जास्त उपयोग पहिल्या फलकाचा होतो.

एमएलसीची नोंद, पोलिसांना कळवणे, केसपेपर काढणे, यांपैकी कशासाठीही उपचार थांबवायचे नाहीत. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. लाल रुग्णासाठी केसपेपर मागाहून काढता येईल, असा लेखी आदेश खिडकीवर लावून ठेवा. कारकुनाला नियम मोडायची भीती असते, लेखी आदेशाने ती जाते.

९. आलेख भिंतीवर लावा

चौकटीच्या कागदावर आडवे आठवडे आणि उभे टक्के, म्हणजे ठरलेल्या वेळेत पाहिलेल्या लाल-नारिंगी रुग्णांचे प्रमाण. पहिल्या काही आठवड्यांच्या टक्क्यांचा मध्यक आडव्या रेषेने दाखवा. सलग सहा बिंदू रेषेच्या वर आले तर सुधारणा खरी आहे. दोन बिंदू वर आले म्हणून पेढे वाटू नका आणि एक खाली आला म्हणून कोणाला मेमो देऊ नका. आलेखावर कोणाचेही नाव नको. आकड्यांवरून एकाला जरी बोलणी बसली तरी पुढच्या महिन्यापासून सगळे आकडे सुरेख येतील आणि खोटे असतील.

१०. बदल्यांचा हंगाम धरून चला

सरकारी रुग्णालयात एप्रिल-मेमध्ये बदल्या होतात, इंटर्न दर काही आठवड्यांनी बदलतात, सिस्टरांच्या ड्युट्या फिरतात. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सुरुवात करू नका. गणपती किंवा दहीहंडीच्या आठवड्यातही नको. प्रत्येक कामाला दुसरा माणूस तयार ठेवा. नवीन इंटर्नच्या पहिल्या दिवशी वीस मिनिटांचा धडा सीएमओने नव्हे, ट्रायाज सिस्टरने द्यावा. त्यातून तिचा शब्द कोणी डावलायचा नाही हे आपोआप कळते.

११. तुमचे स्वतःचे शिक्षण

- बीएलएस आणि एसीएलएस (जीव वाचवण्याच्या मूलभूत आणि प्रगत उपचारांचे अभ्यासक्रम) : अमेरिकन हार्ट असोसिएशनचे कार्ड दोन वर्षे चालते. मुदत संपायच्या दोन महिने आधी जागा घ्या.
- नेल्स (नॅशनल इमर्जन्सी लाइफ सपोर्ट) : केंद्र सरकारचा आपत्कालीन उपचारांचा अभ्यासक्रम, डॉक्टर, नर्स आणि पॅरामेडिक यांच्यासाठी.
- जागतिक आरोग्य संघटनेचा मूलभूत आपत्कालीन उपचारांचा अभ्यासक्रम : श्वास, इजा, शॉक आणि शुद्ध हरपणे यांवर आधारलेला, कमी साधनांच्या रुग्णालयांसाठीच लिहिलेला.
- पॉक्यूआय (पॉइंट ऑफ केअर क्वालिटी इम्प्रूव्हमेंट) : जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया कार्यालयाची गुणवत्ता सुधारणेची चार पायऱ्यांची पद्धत. पाचव्या आणि नवव्या पायरीतल्या गोष्टी यात सविस्तर आहेत. बदल घडवायची जबाबदारी असेल तर एसीएलएसच्याही आधी हा करा.
- एनक्यूएएस (सरकारी रुग्णालयांसाठीची राष्ट्रीय गुणवत्ता मानके) : जिल्हा रुग्णालयाच्या तपासणी यादीत अपघात विभागाचा स्वतंत्र भाग आहे. तो आधी वाचला तर ट्रायाजची मागणी त्या भाषेत मांडता येते आणि मंजुरी लवकर मिळते.

प्रशिक्षणाला जाण्याआधी संबंधित (मेडिकल किंवा नर्सिंग) परिषदेचे क्रेडिट गुण आहेत का ते विचारा आणि प्रमाणपत्राची प्रत त्याच आठवड्यात नोंदणीच्या फाइलला लावा. तुम्ही घेतलेल्या पंधरा मिनिटांच्या धड्यांची हजेरीही सहीनिशी ठेवा. एनक्यूएएसचे परीक्षक ती मागतात, आणि पुढच्या वर्षी सिस्टरांसाठी प्रशिक्षणाची जागा मागताना तोच कागद जोडता येतो.